रिकाम्या टेबलांचं ग्रिड

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या कंपनीत मी लागले तेव्हा माझं पद ‘स्ट्रक्चरल इंजिनियर’ होतं. वर्षभरात मी जे काम करायला लागले, त्याला मात्र तिथे काही नाव नव्हतं. नवीन माणसानं विचारलं की लोक सांगायचे, "बॅचवाल्या मॅडम ना? त्या खिडकीजवळ बसतात."

कंपनी समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मसाठी लोखंडी सांगाडे बनवायची. खाली यार्ड, वर डिझाइन ऑफिस. यार्डात वाळूचा फवारा मारून लोखंड घासत, त्याची बारीक धूळ एसीच्या जाळीतून वर येऊन आमच्या कीबोर्डवर बसायची. सांगाडा उभा करण्याआधी त्याला काय काय सोसावं लागेल ते मोजून बघतात. लाट या दिशेनं आली तर, त्या दिशेनं आली तर, वारा वाढला तर, पायांना गंज चढल्यावर तीच लाट आली तर. प्रत्येक शक्यतेचं वेगळं गणित. एकेका गणिताला कॉम्प्युटर तासन् तास लावतो आणि अशी गणितं शेकड्यांनी असतात. आमच्या भाषेत एक गणित म्हणजे एक जॉब, आणि एका सांगाड्याचे सगळे जॉब एकत्र बांधले की झाली बॅच.

हे सगळं पेलणारा मोठा कॉम्प्युटर घ्यायला कंपनी तयार नव्हती. मी म्हटलं, मग आहेत तेच वापरू. ऑफिसात माणसागणिक एक चांगलं दणकट मशीन होतं आणि ते अर्धा वेळ नुसतंच बसून असायचं. माणूस मीटिंगला गेला, यार्डात उतरला, जेवायला गेला, घरी गेला, की मशीन मोकळं. ही सगळी मशीनं मी एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं जोडली. इंजिनियर मला बॅच द्यायचे, मी ती तपासून रांगेत लावायचे, आणि जिथे जागा मिळेल तिथे एकेक जॉब जाऊन बसायचा. त्याला आम्ही ग्रिड म्हणायला लागलो. नियम साधा होता. पंधरा मिनिटं कुणी माऊसला हात लावला नाही की जॉब त्या मशीनवर येणार. मालकानं माऊस हलवला की पाहुणा उठणार आणि दुसरं मशीन शोधणार. त्यात एकच अडचण होती. आमचा हिशेबाचा प्रोग्रॅम जुना होता, त्याला अर्ध्यावरून पुढे जाता यायचं नाही. उठवलेला जॉब दुसरीकडे गेला की पहिल्यापासून सुरू.

तरी ते चालायचं, आणि छान चालायचं. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक टेबलाचा एक चौकोन होता. मशीन मालकाच्या हातात असलं की करडा, माझा जॉब चालू असला की हिरवा. संध्याकाळी ऑफिस सुटताना एकेक चौकोन हिरवा होत जायचा तो बघायला मला फार आवडायचं. त्या नादात मी कितीदा तरी भाईंना गाडीत थांबवून ठेवलंय.

भाई म्हणजे आमचे ड्रॉइंग चेकर. मूळचे रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावरचे, पंचावन्नच्या आसपासचे, पंचवीसेक वर्षं शारजात काढलेले. मी राहायचे त्यांच्याच गल्लीत, नहदाला. मला ड्रायव्हिंग लायसन्स मिळत नव्हतं. रोड टेस्टला प्रत्येक वेळी राउंडअबाउटवर काहीतरी व्हायचं आणि शेजारी बसलेली परीक्षक बाई मान हलवायची. नवरा नोकरीला जबल अलीला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. तेव्हा भाईंच्या बायकोनंच एकदा लिफ्टमध्ये म्हटलं, "यांच्याबरोबर जा ना, गाडी रिकामीच तर जाते." तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत. ऑफिसात ते मला मॅडम म्हणायचे. गाडीत बसलं की बेटा.

भाई ड्रॉइंग कागदावर तपासायचे. मोठ्या कागदावर प्रिंट काढायची, टेबलावर पसरायची आणि लाल पेन्सिलीनं एकेक माप टिक करत जायचं. स्क्रीनवर चुका दिसतच नाहीत, कागदावर पटकन डोळ्यात भरतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचं मशीन दिवसभर मोकळं. माझे सगळ्यात लांबलचक जॉब मी तिकडेच पाठवायचे. मी एकदा म्हटलं, "भाई, तुमच्या मशीननं आज सकाळपासून पूर्वेकडच्या सगळ्या लाटा झेलल्यात."

"झेलू दे. पगार मी घेतो, काम ते करतंय," ते हसत म्हणाले.

हे बोलणं आम्ही किती सहज केलं होतं!

मग ऑर्डरी कमी झाल्या. यार्डात आधी दोन पाळ्या चालायच्या, त्याची एक झाली. मुहैस्नाहकडच्या कॅम्पमधून कामगारांना आणणाऱ्या बसेस निम्म्याच दिसायला लागल्या. ऑफिसात कुणी काही बोलत नव्हतं, पण चहाच्या वेळी लोक जरा जास्तच हळू आवाजात बोलायचे. त्याच सुमाराला हेड ऑफिसनं नवा मॅनेजर पाठवला. दिल्लीकडचा, चाळिशीतला, नीटनेटका माणूस. आवाज चढवत नसे. एक दिवस तो माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला आणि माझ्या स्क्रीनकडे बघत राहिला.

"मॅडम, ये ग्रीन वाले सब खाली हैं?"

"जी सर. म्हणजे... मशीन खाली हैं."

"इसका रेकॉर्ड रहता है? कौन सी मशीन दिन में कितनी देर खाली रही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. रेकॉर्ड अर्थातच राहायचं. कोणत्या वेळी कुठे जागा मिळते हे कळल्याशिवाय बॅच लावणार कशी? पण तो ते कशासाठी विचारतोय हे समजायला मला फार अक्कल लागली नाही.

"सर," मी म्हटलं, "मशीन खाली है इसका मतलब आदमी खाली है, ऐसा नहीं होता. कोई यार्ड में होता है, कोई मीटिंग में. कोई कागज पे काम करता है."

"वो हम समझ लेंगे. आप बस भेज दीजिए."

"ये मैंने इसके लिए नहीं बनाया, सर. प्लीज, मुझसे मत मांगिए."

बोलून गेले आणि मग भान आलं. आमचं घर, मुलीची शाळा, दोघांच्याही पगाराशिवाय जमत नव्हतं. तो रागावला नाही. "ठीक है, रहने दीजिए," म्हणून उठला आणि खुर्ची जागेवर ठेवून गेला. दुपारी आयटीमधल्या माणसानं जाता जाता सांगितलं, "मॅडम, आपके ग्रिड की फाइल सर ने सर्वर से मंगवाई थी, मैंने दे दी. ओके ना?" ओके नव्हतं, पण त्याला काय सांगणार? फाइल कंपनीची, सर्वर कंपनीचा.

त्या संध्याकाळी मी भाईंना गाडीत सगळं सांगितलं. सांगणं भाग होतं. ऑफिसात दिवसभर मोकळं राहणारं एकच मशीन होतं, आणि ते त्यांचं होतं.

"म्हणजे माझा कॉम्प्युटर रिकामा, म्हणून मी रिकामा?"

"मी त्यांना सांगितलं, भाई."

"तू सांगितलंस ते बरं केलंस." मग म्हणाले, "उद्यापासून काय करू? मधे मधे माऊस हलवत बसू?"

"हलवा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "नाही जमणार बेटा. या वयात असली नाटकं कोण करतो?"

त्यांनी ती केली नाहीत. पण बातमी ऑफिसात पसरली. भाईंनी सांगितलं, आयटीवाल्यानं सांगितलं की मॅनेजरच कुठे बोलला, मला आजवर कळलेलं नाही. आठवड्याच्या आत सगळ्यांना माहीत झालं की आपला माऊस मोजला जातोय. आणि माऊस हलायला लागले.

आधी लोक नुसते हात लावायचे. फोनवर बोलताना डाव्या हातात फोन, उजव्या हातानं माऊस. मग आमच्याच सेक्शनमधल्या एका तरुण इंजिनियरनं ऑनलाइन एक चकती मागवली. बशीएवढी, काळी, बॅटरीवर चालणारी. तिच्यावर माऊस ठेवला की ती हळूहळू फिरायची आणि माऊस आपोआप हलत राहायचा. पोरगा भोपाळचा, हुशार, बोलका. लग्न ठरलेलं होतं, होणाऱ्या बायकोला इकडे आणायची स्वप्नं बघत होता. त्यानं ती चकती मला हसत हसतच दाखवली. पुढच्या दहा दिवसांत तसल्या चकत्या निम्म्या टेबलांवर आल्या. कुणी त्या पेपराखाली झाकायचं, कुणी टिश्यूच्या डब्यामागे ठेवायचं. घरी जातानाही कुणी बंद करत नव्हतं. रात्रीचंही मोजत असतील, अशी एक भीती कुठून तरी आली होती.

माझ्या स्क्रीनवरचे चौकोन करडे होत गेले. पंधरा मिनिटं मोकळं असं मशीनच उरलं नाही. एखादा जॉब कुठेतरी जागा मिळवून बसायचा, तासभर चालायचा, मग तिथला मालक यायचा, माऊस चकतीवर ठेवायचा, आणि जॉब उठायचा. दुसरीकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून. रांग वाढत होती आणि पुरं काहीच होत नव्हतं. ऑफिस मात्र इतकं कामसू कधीच दिसलं नव्हतं.

आणि नेमकी त्याच वेळी आमच्याकडे एक मोठी बॅच होती. एका जुन्या प्लॅटफॉर्मच्या दुरुस्तीचं टेंडर. ते मिळालं असतं तर यार्ड पुन्हा दोन पाळ्यांत चाललं असतं, असं सगळेच म्हणत होते. टेंडरबरोबर ही सगळी गणितं जोडायची होती.

मी एक उपाय करून पाहिला. नियमच बदलला. माऊस हलला तरी जॉबनं उठायचं नाही, असं केलं. दुपारच्या जेवणानंतर सुरू केलं आणि तासाभरात पाइपिंग सेक्शनकडून आरडाओरडा झाला. मशीनं इतकी जड झाली की ड्रॉइंग जागच्या जागी गोठायला लागली. एका मुलीचं सकाळपासूनचं काम सेव्ह न होताच गेलं. ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली, "मॅडम, आपने क्या किया?" मी तिची माफी मागितली आणि तिच्यासमोरच नियम जुन्यासारखा केला.

घरी येऊन नवऱ्याला फोनवर हेच सांगत होते. तो ट्रॅफिकमध्ये अडकला होता. मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता स्पीकरवर ओरडत होते, "अरे, माझे सगळे जॉब गेले. एकही उरला नाही. आता काय करायचं मला सुचत नाहीये." मुलगी तिसरीत होती. ती बाहेर अभ्यास करत होती, तिनं ऐकलं असेल हे माझ्या ध्यानातही आलं नाही. पुढचे काही दिवस ती फार शहाण्यासारखी वागत होती. स्विमिंगच्या क्लासला जायचं नाही म्हणाली. टिफिनमध्ये काहीही दिलं तरी खाऊन यायची. मग एकदा तिच्या टीचरनं मला शाळेच्या पार्किंगमध्ये गाठून हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना, ती म्हणत होती की मम्माची नोकरी गेली.

घरी आल्यावर मी मुलीला जवळ घेतलं. "अगं, ते जॉब वेगळे. कॉम्प्युटरवरचे. माझी नोकरी आहे."

"आर यू शुअर?" तिनं विचारलं.

"शुअर," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. माझाच आवाज मला पटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ सांगितलं की टेंडरची बॅच वेळेत होणार नाही.

"क्यों? ग्रिड खराब है?"

"ग्रिड ठीक है सर. लोग डरे हुए हैं." मी त्याला चकत्यांचं सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. तो उठून काचेतून बाहेर बघायला लागला. समोरच्या टेबलावर कुणी नव्हतं आणि माऊस मजेत गोल फिरत होता. त्याचे कान लाल झाले.

त्यानं सगळ्यांना मेल पाठवली. मशीनच्या वापराची माहिती कुणाच्याही कामाच्या मूल्यमापनासाठी वापरली जाणार नाही, निश्चिंत राहा. चांगल्या शब्दांत लिहिली होती. त्या मेलपर्यंत ज्यांच्याकडे चकती नव्हती, त्यांनीही मेल वाचून चकती मागवली.

टेंडर सोमवारी द्यायचं होतं. शुक्रवारी आमचं ऑफिस जुम्म्याच्या नमाजासाठी लवकर सुटायचं. सकाळी गाडीत मी भाईंना म्हटलं, आज दुपारपासून रविवारपर्यंत सगळी मशीनं मोकळी मिळाली तर बॅच अजूनही होईल, नाहीतर खलास. नमाजाला निघायच्या आधी मी पाहिलं, ते एकेका टेबलापाशी जात होते. कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचे, कुणाशी मल्याळीतले दोन शब्द, कुणाशी हिंदी. माझ्यामागे तो भोपाळचा पोरगा बसायचा, त्याच्याशी बोललेलं मला ऐकू आलं.

"बेटा, सोमवार तक ये चक्की बंद रख. काम अटका है."

"भाई, और सोमवार को मेरा ही नाम आ गया तो?"

"काम आएगा तो नाम क्यों आएगा? मेरी मशीन तो हमेशा खाली रहती है, मैं डरा?"

त्या पोरानं चकती बंद करून ड्रॉवरमध्ये टाकली. "आप बोल रहे हो इसलिए."

अशीच जवळजवळ सगळ्यांनी बंद केली. भाईंचं ऑफिसात तेवढं वजन होतं. त्यांनी चूक दाखवली तरी माणसाला कमीपणा वाटू द्यायचा नाही, असे ते होते. मी माझ्या खुर्चीत बसून चौकोन हिरवे होताना पाहिले. पण आधीसारखा आनंद झाला नाही.

शनिवार-रविवारी मी घरून लक्ष ठेवून होते. जॉब एकामागून एक पूर्ण होत गेले. दोनच फसले, ते आकड्याच्या चुकीनं, आणि ते मी दुरुस्त करून पुन्हा लावले. सोमवारी टेंडर गेलं. मॅनेजर स्वतः येऊन थँक यू म्हणून गेला. भाईंना मी चहा पाजला. त्या दोन-तीन दिवसांत ऑफिस जरा मोकळं झालं होतं. चकत्याही फारशा परत आल्या नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात एचआरनं एकेकाला आत बोलावून नोटीस दिली. आठ-नऊ जण होते. भाई होते. भोपाळचा पोरगा होता.

भाई बाहेर आले ते शांत होते. आपल्या टेबलापाशी जाऊन त्यांनी अर्धं तपासलेलं ड्रॉइंग पुन्हा समोर ओढलं. त्यांच्यामागून तो पोरगा बाहेर आला आणि सरळ त्यांच्याच टेबलापाशी गेला. सगळं ऑफिस ऐकत होतं.

"आपके कहने पे बंद किया था मैंने. याद है? आपके कहने पे."

भाई उभे राहिले. "बेटा, मेरा भी नाम..."

"आपका तो घर बस गया, भाई. पच्चीस साल कमा लिया आपने. मेरा तो अभी शुरू भी नहीं हुआ था." त्याचा आवाज फाटला. "मैं डर रहा था, तो डरने देते ना."

भाई त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. त्यानं तो झटकला आणि जिन्यानं खाली निघून गेला. कुणीतरी त्याच्यामागे धावलं. भाई तसेच उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही बसा. काम करा."

त्या दिवशी परतताना भाईंकडून आमचं वळण चुकलं, पुढे जाऊन लांबून यावं लागलं. गाडी बिल्डिंगखाली उभी केल्यावर म्हणाले, "नोकरीचं मी बघून घेईन. पण त्या पोरानं खरंच माझ्यामुळे गमावली असेल तर?"

मला ते सहन होईना. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. या वेळी भीती वाटली नाही, किंवा वाटायला जागाच नव्हती. मी विचारलं, "सर, सच बताइए. वो ग्रिड वाली फाइल देखके नाम तय हुए?"

तो थकलेला दिसत होता. "कौन सी फाइल? वो? मॅडम, मैंने खोली भी नहीं. हेड ऑफिस ने मांगने को बोला था, मैंने आगे भेज दी. शायद वहां भी किसी ने नहीं खोली. नाम सीधे वहीं से आए. जिनका वीज़ा इन महीनों में रिन्यू होना था, बस वही." मग काचेकडे बघत म्हणाला, "मेरा अगले साल है."

मी घाईनं जिना उतरून खाली गेले. भाई यार्डाच्या सावलीत उभे होते. त्यांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल.

"उघडलीच नाही?" ते म्हणाले. "मग मागितली कशाला?"

"हेड ऑफिसनं मागितली म्हणून," मी म्हटलं.

"एवढे दिवस सगळं ऑफिस वेड्यासारखं माऊस हलवत बसलं, आणि उघडलीच नाही?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. मग ते शांत झाले. "बेटा, हे त्याला सांग. त्या पोराला सांग. माझा फोन तो उचलत नाही."

त्यानं माझाही उचलला नाही. मी मेसेज लिहिला, सविस्तर, व्हिसाचं कारण देऊन. वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. त्यानं नोटीसचा महिनाही ऑफिसात काढला नाही. सुट्ट्या लावून निघून गेला.

भाईंनी मात्र पूर्ण महिना काम केलं. शेवटच्या दिवशीसुद्धा एक ड्रॉइंग तपासून दिलं. दुसरीकडे शोधलं, अजमानला एकदोन ठिकाणी जाऊन आले, पण वय विचारल्यावर बोलणं तिथेच थांबायचं. शेवटी गावी परतायचं ठरलं. त्यांची मुलगी बारावीला होती, तिची परीक्षा होईपर्यंत ती शारजातच मामाकडे राहणार होती. मी पॅकिंगला मदत करायला गेले तेव्हा हॉलभर खोकी होती आणि भाईंची बायको गादीवर बसून काचेची भांडी टॉवेलात गुंडाळत होती. मुलीनं दारातून सांगितलं, "पप्पा, इट्स फाइन, आय विल मॅनेज."

"यांच्या इंग्रजीत सगळं फाइनच असतं," भाई मला म्हणाले, आणि खोक्यावर टेप लावता लावता त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

टेंडर आम्हाला मिळालं नाही. ग्रिड मात्र त्यानंतर जोरात चालायला लागलं. रिकाम्या झालेल्या टेबलांवरची मशीनं कुणी काढून नेली नव्हती, आणि त्यांच्या माऊसला हात लावायला कुणी उरलं नव्हतं. ज्या बॅचला पूर्वी चार दिवस लागायचे ती दोन दिवसांत व्हायची. इंजिनियर खूश होते. मी पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली आणि दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एका ऑफिसात लागले. तिथे जॉब चालवायला स्वतंत्र मशीन रूम आहे, बंद, थंड. लायसन्सही मिळालं तोपर्यंत, सहाव्या की सातव्या खेपेला.

गेल्या रमजानच्या आधी शारजातल्या एका सुपरमार्केटमध्ये खजुरांच्या स्टॉलपाशी मागून कुणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली. तो भोपाळचा पोरगा होता. जरा भरला होता. बरोबर बायको होती, लाजरी, नवी नवी आलेली. अजमानला एका कन्सल्टंटकडे लागलो, म्हणाला. बायको तांदळाच्या पिशव्या बघायला पुढे गेली तेव्हा मी विचारलंच.

"मेरा मेसेज मिला था ना? वो सब वीज़ा की वजह से था. भाई की वजह से नहीं."

तो खजुराचा एक डबा उचलून त्याचं लेबल वाचत राहिला. "मालूम था, मॅडम. मैंने पूछा तो एचआर ने उसी दिन बता दिया था."

"उसी दिन? मग तू भाईंना..." मी मराठीतच बोलून गेले. मग सावरून विचारलं, "फिर उनको वो सब क्यों बोला?"

"पता नहीं." डबा त्यानं परत ठेवला. "गुस्सा था. किसको बोलता? मॅनेजर को बोलता? सामने भाई थे. वो सुन लेंगे, इतना पता था."

"वो आज भी यही समझते हैं कि तुम उन्हीं को दोष देते हो. एक फोन कर लो."

"हां," तो म्हणाला. "करूंगा, इन्शाल्ला." आणि नंबर आहे का विचारल्यावर म्हणाला, आहे, डिलीट नहीं किया. तेवढ्यात बायकोनं लांबून हात केला आणि तो ट्रॉली घेऊन गेला.

ईदला मी भाईंना रत्नागिरीला फोन केला. ते बोलत होते मुलीच्या कॉलेजबद्दल, गावातल्या लाइटबद्दल, एका ठेकेदाराची नकाशे तपासायची थोडी कामं मिळतात त्याबद्दल. आवाज बरा होता. त्या पोरानं फोन केला का, हे माझ्या ओठावर आलं होतं. केला असता तर त्यांनी आपणहून सांगितलं असतं, असं वाटून मी गप्प राहिले. सुपरमार्केटमध्ये तो भेटल्याचंही सांगितलं नाही. त्याला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे त्यांना सांगावं की नाही, माझं अजून ठरत नाहीये.